‘फॉरमॅट मारून दे’ म्हणून आलेला लॅपटॉप: एका हार्ड डिस्कचं निदान

कराडमध्ये डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम करणाऱ्या एका काकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला, तो एका ओळीच्या निरोपासह: "फार स्लो झालाय, फॉरमॅट मारून दे." लग्नसराई तोंडावर होती, पत्रिकांच्या ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या. विंडोज खराब झालंय, नवीन टाकलं की मशीन पळायला लागेल, असं एका दुकानात त्यांना आधीच सांगण्यात आलं होतं. हा सल्ला इतक्या ठिकाणी, इतक्या सहजपणे दिला जातो की हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. हार्ड डिस्क मरायला लागली असेल तर फॉरमॅटसारखं नुकसान दुसरं कशानेच होत नाही. त्यात वाईट गोष्ट अशी की फॉरमॅट केल्यावर मशीन काही दिवस खरंच बरं चालतं.

मशीन २०१३ सालचं, तेव्हा आठ वर्षांचं झालेलं. आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, विंडोज ७ आणि अडीच इंची ५०० जीबी हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेरे घेणारी. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे लॅपटॉप कायम चार्जरवर. वीज गेली की तो त्या क्षणी बंद पडायचा. हा बॅटरीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

इतका जुना लॅपटॉप अजून वापरात का, याचं कारण साधं आहे. काकांची सगळी कमाई पानं जुळवायच्या पेजमेकर ७ वर आणि मराठी फॉन्ट व टायपिंगच्या श्रीलिपीच्या एका जुन्या, डोंगलवर (संगणकाला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालणाऱ्या आवृत्तीवर उभी आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, सगळं युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसावी अशी मजकुराची पद्धत) यायच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फायली नव्या मशीनवर उघडल्या तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणजे वाचवायच्या होत्या त्या नुसत्या फायली नव्हत्या. जसंच्या तसं चालणारं ते जुनं विंडोजही वाचवायचं होतं.

बॅकअपबद्दल विचारलं तर काका म्हणाले, "अरे, कामाचं सगळं डी ड्राइव्हला आहे. सी गेली तरी डीला काही होत नाही ना?" हा समज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. सी आणि डी हे एकाच डिस्कवर आखलेले दोन भाग असतात. तबकड्या त्याच, वाचणारी हेड्स तीच, मोटर तीच. विंडोज बिघडलं तर डी वाचतो हे खरं, पण डिस्क बिघडली तर दोन्ही एकत्रच जातात.

लॅपटॉप सुरू करण्याआधी मी दोघांना प्रश्न विचारत बसलो. काकूही तेच काम करतात, टायपिंग बहुतेक त्यांचंच. लॅपटॉप सुरू व्हायला बराच वेळ लागतो, डिस्कचा दिवा लुकलुकत नाही तर सलग जळत राहतो, आणि मध्येच सगळं गोठतं: माऊस हलतो पण काही उघडत नाही, मग अचानक सगळे क्लिक एकदम लागू होतात. एकदा सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा काळा पडदा आला होता, बंद करून पुन्हा लावल्यावर गेला. सगळ्यात मोलाची गोष्ट काकूंनी सांगितली. "सगळ्या फायली अडकत नाहीत. तो जाड वळणाचा मथळ्याचा फॉन्ट ज्या पत्रिकेत आहे, तीच अडकते." काकांचा ग्रह होता की त्या पत्रिकांच्या फायली खराब झाल्यात. काकूंचं निरीक्षण खरं असेल तर दोष पत्रिकांमध्ये नव्हता, त्या सगळ्या जी एक फाइल वाचायला जात होत्या तिच्यात होता.

संथ लॅपटॉपमागे चार-पाच कारणं असू शकतात, आणि त्यातली बरीचशी डिस्कपेक्षा स्वस्तातली आहेत. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापला तर तो स्वतःचा वेग कमी करतो, पण तेव्हा डिस्कचा दिवा सलग जळत नाही. रॅम अपुरी पडली तर विंडोज रॅमच्या बदली वापरायच्या, डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सतत ये-जा करतं. त्या वेळी दिवा जळतो, पण डिस्कवरून भरपूर डेटा वाहतानाही दिसतो. व्हायरस, एकाच वेळी चालणारे दोन अँटिव्हायरस, डिस्कची ढिली केबल, याही शक्यता होत्याच. वेगळं उठून दिसणारं लक्षण एकच: दिवा पूर्ण जळतोय आणि डेटा मात्र जवळजवळ वाहतच नाही.

ते बघण्यासाठी लॅपटॉप एकदा सुरू करावा लागणार होता. एकदाच, आणि काय बघायचं ते आधी ठरवून. आजारी डिस्कवर केलेला प्रत्येक वाचनाचा प्रयत्न तिच्या उरलेल्या आयुष्यातून खर्च होतो. म्हणून सुरुवातीला फक्त त्याच नोंदी बघायच्या, ज्या डिस्कने किंवा विंडोजने स्वतः आधीच लिहून ठेवल्यात. पूर्ण डिस्क वाचणारी कोणतीही चाचणी या टप्प्यावर चालवायची नाही.

विंडोज ७ च्या रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कच्या पानावर प्रत्येक फाइलचा प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदात दिसतो. धडधाकट लॅपटॉप डिस्कला सहसा दहा-वीस मिलिसेकंद लागतात. इथे काही फायलींसमोर ४,००० च्या वरचे आकडे होते. ५४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा पूर्ण करायला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. ४ सेकंद अडकून राहणं म्हणजे तोच तुकडा हेडखालून साडेतीनशेच्या वर वेळा जाऊ देणं. सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा सगळ्यात छोटा तुकडा, वाचता आला नाही की डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून वाचते, चूक दुरुस्त करणाऱ्या कोडने आकडे जुळवून बघते. तोवर विंडोज ताटकळत बसतं. काकांना गोठलेला पडदा दिसत होता, तो हाच काळ.

विंडोज स्वतःच्या घडामोडी जिथे लिहून ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिमच्या नोंदीत ‘डिस्क’ या स्रोताखाली ७ क्रमांकाचे इव्हेंट रांगेने होते: डिस्कवर खराब ब्लॉक आहे. मधूनमधून ११ क्रमांकाचेही होते, कंट्रोलरच्या चुकीचे. हा ११ क्रमांक कधीकधी केबलच्या दोषानेही येतो, त्यामुळे केबलची शंका अजून फिटली नव्हती.

मग पेनड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो. हा प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेली, स्मार्ट नावाची तब्येतीची नोंदवही दाखवतो, तीही डिस्कवर जवळपास काही भार न टाकता. इथे दोन सापळे आहेत आणि दोन्हींत माणसं सतत अडकतात. पहिला म्हणजे कच्चे आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर, हेक्समध्ये दिसतात. ‘२८’ लिहिलं असेल तर ते २८ नव्हेत, ४० आहेत. सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्यावं. दुसरा सापळा रीड एररच्या ०१ या ओळीचा. काही कंपन्या त्या एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र भरतात, त्यामुळे नव्या कोऱ्या डिस्कवरही तिथे कोट्यवधींचा आकडा दिसतो. त्याला बघून घाबरायचं कारण नाही.

वाचायच्या ओळी मोजक्याच. ०५ मध्ये बदली केलेले सेक्टर असतात: खराब ठरवून डिस्कने राखीव जागेत हलवलेले. इथे ४०. सी५ मध्ये लटकलेले सेक्टर: वाचता आले नाहीत, पण निकाल अजून लागलेला नाही असे. इथे ८८. सी७ हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेवरच्या चुकांचा आकडा, तोही शून्य नव्हता, १४ होता. चालू राहिल्याचे एकूण तास २१ हजारांच्या पुढे, म्हणजे रोज आठ-नऊ तास काम धरलं तर आठ वर्षांचा हिशोब बरोबर जुळतो. तापमान ४४ अंश, त्यात काही वावगं नाही. अचानक वीज जाऊन हेड घाईने मागे घ्यावं लागल्याचा सी० हा आकडा मात्र शेकड्यांत होता. मेलेल्या बॅटरीची साक्ष ती हीच.

या बॅटरीमुळेच सी५ वाचताना घाई करून चालत नाही. सेक्टर लिहिता लिहिता वीज गेली तर तो अर्धवट लिहिला जातो, नंतर वाचताना त्याचा कोड जुळत नाही आणि तो सी५ मध्ये जमा होतो. तबकडीला काहीही झालेलं नसतं. त्या जागी नवीन काही लिहिलं की सेक्टर बरा होतो, सी५ उतरतो आणि ०५ वाढत नाही. वीज जाणाऱ्या गावात, मेलेल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर सी५ मध्ये थोडेसे सेक्टर दिसले म्हणून डिस्क फेकायची नसते. इथे तसं नव्हतं, कारण ०५ आधीच ४० वर गेलेला होता, म्हणजे पृष्ठभाग खरोखर खराब ठरवून जागा बदललेली होती. आणि नोंदी बघेपर्यंतच सी५ चा आकडा ८८ वरून ९६ झाला. (आकडे आठाच्या पटीत आहेत, हा योगायोग नाही. त्या काळापासूनच्या बहुतेक डिस्कवर प्रत्यक्ष सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ बाइटचे आठ म्हणून दाखवला जातो. एक खरा सेक्टर गेला की मोजणीत आठ जातात.)

सी७ चे १४ मात्र तसेच राहिले. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही. एखाद्या जुन्या प्रसंगी कनेक्टर हलला असेल तरी त्याची नोंद कायम राहते. म्हणून इथे बघायचं ते आकडा वाढतोय का एवढंच. सी५ वाढतोय आणि सी७ जागचा हलत नाही, म्हणजे दोष वाटेत नाही, तबकडीवर आहे.

एवढं सगळं असूनही स्मार्टचा एकूण निकाल ‘ठीक’ असाच होता. कारण तो निकाल कंपनीने ठरवलेल्या मर्यादेवर लागतो आणि ती मर्यादा फार सैल असते. उलट बाजूही माहीत असावी. गूगलने २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवलेली नव्हती. म्हणजे स्मार्ट स्वच्छ असलं तर निर्धास्त राहता येत नाही, पण त्यात डाग दिसला तर तो गंभीरच मानायचा. त्याच अभ्यासात पहिली स्कॅन एरर (डिस्कला स्वतःचा पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी चूक नसलेल्यांच्या ३९ पट निघाली होती.

लॅपटॉप बंद केला आणि डिस्क काढून बाजूला ठेवली. आता बाकीचं मशीन निर्धास्तपणे तपासता येत होतं. डिस्क नसताना पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवलं तर तेच जुनं मशीन कुठेही न अडखळता चाललं. मेमटेस्टमध्ये रॅमचे दोष निघाले नाहीत. ही तपासणी फारच कमी लोक करतात, पण प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड आणि पंखा या सगळ्यांना ती एका फटक्यात निर्दोष ठरवते.

इथे निदान पुरेसं झालं होतं. डिस्कची किती टक्के वाट लागली, किती दिवस टिकेल, या प्रश्नांची उत्तरं तेव्हा नको होती. डेटा आधी काढायचा की नाही, एवढं ठरवण्यापुरतं कळलं की थांबायचं. ‘चेकडिस्क चालवून बघ, बॅड सेक्टर काढून टाकतं’ हा सल्ला याच वळणावर घात करतो. चेकडिस्क हा विंडोजमधलाच डिस्क तपासायचा प्रोग्रॅम. ते पूर्ण डिस्क घासून वाचतं, आणि काही नोंदी वाचता आल्या नाहीत की फाइल सिस्टिम (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची मांडणी) ‘दुरुस्त’ करताना चांगल्या फायलींची नावं आणि फोल्डर उडवून त्यांचे तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू शकतं. त्याला स्वतःच्या कामापुरतं ते बरोबर असतं, कारण त्याचं काम फाइल सिस्टिम सुसंगत ठेवणं हे आहे. तुमची पत्रिका वाचवणं हे त्याचं काम नव्हे. विंडोज सुरू होताना ते आपोआप लागू शकतं, म्हणून डिस्क लॅपटॉपमधून आधीच काढलेली बरी.

डिस्क डेस्कटॉपच्या साटा पोर्टला, म्हणजे आतल्या डिस्क जोडायच्या जागेला, थेट जोडली. यूएसबीच्या डबीतून जोडता येते, पण खराब सेक्टरवर त्या डब्या कित्येकदा स्वतःच अडकतात आणि डिस्क दिसेनाशी होते. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्रॅम लावला आणि १ टीबीच्या रिकाम्या डिस्कवर प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत, घ्यायला सुरुवात केली. विंडोजमधली कॉपी फाइलमागून फाइल जाते आणि पहिल्या खड्ड्यातच रुतून बसते. डीडीरेस्क्यू फायलींकडे बघतच नाही. ते पहिल्या फेरीत सोपं तेवढं उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं आणि काय राहिलं ते एका नकाशा-फाइलमध्ये टिपून ठेवतं. वीज गेली तरी त्या नकाशावरून काम तिथूनच पुढे सुरू होतं. पहिली फेरी संपली तेव्हा सुमारे ९ एमबी सोडून सगळी डिस्क हाती आली होती. मग उरलेल्या जागांच्या कडा, मग एकेक सेक्टर, मग मोजके पुन्हा प्रयत्न. मध्ये डिस्क गरम व्हायला लागली तशी थांबवून गार होऊ दिली. शेवटी न वाचलेले राहिले ते ६८ केबी, म्हणजे १७ खरे सेक्टर. सी५ तोवर १३६ वर पोचला होता, त्यामुळे हिशोबही चोख बसला.

या वेळात डिस्कचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. पुन्हा पुन्हा ठरावीक ताल धरून टकटक आली असती, किंवा मोटर फिरून थांबली असती, तर तिथेच वीज काढून ती डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्यायला सांगितलं असतं. तो हेडचा बिघाड असतो आणि त्यापुढचा प्रत्येक प्रयत्न तबकडी खरवडतो. डिस्क घरी उघडू नये. फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नये, बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं. नकाशा पाहिल्यावरही हेडबद्दल खात्री झाली. एक हेड गेलं असतं तर खराब जागा सगळ्या डिस्कभर ठरावीक अंतरावर पट्ट्यापट्ट्यांनी दिसल्या असत्या. इथे त्या दोनच ठिकाणी गोळा झालेल्या होत्या.

६८ केबी कुणाचे गेले, हा खरा प्रश्न. त्यासाठी प्रतिमेतल्या न वाचलेल्या सेक्टरांमध्ये डीडीरेस्क्यूकडूनच एक ओळखीचा मजकूर भरून घेतला आणि मग सगळ्या फायलींमध्ये तो मजकूर शोधला. ज्या फाइलमध्ये सापडेल ती जखमी. सहा सेक्टर रिकाम्या जागेत निघाले, सात विंडोजच्या पेजफाइलमध्ये आणि जुन्या नोंदींमध्ये. उरलेल्या चारांपैकी एक एका स्मरणिकेच्या पेजमेकर फाइलमध्ये होता, दोन एका स्कॅन केलेल्या फोटोत, आणि चौथा श्रीलिपीच्या एका फॉन्ट फाइलमध्ये. फॉन्टचं नाव काकूंना वाचून दाखवलं. "हाच तो जाड वळणाचा," त्या म्हणाल्या. ती फाइल जुन्या सीडीवर चांगल्या अवस्थेत मिळाली. स्मरणिकेची पीडीएफ छापखान्याला मेल केलेली होती, तीच पुढे कामाला आली. फोटो तेवढा गेला.

लॅपटॉपमध्ये आता फिरते भाग नसलेली नवी डिस्क, म्हणजे एसएसडी, बसवायची होती. प्रतिमा तिच्यावर उतरवताना एक व्यावहारिक गोष्ट. ४८० जीबीची एसएसडी घेतली तर ५०० जीबीची प्रतिमा तिच्यात मावत नाही, आधी पार्टिशन (सी, डी असा आखलेला भाग) आखडावं लागतं. ५०० जीबीचीच घेतली आणि तो त्रास वाचला. चेकडिस्क आता चालवलं, या प्रतीवर, जिथे चुकलं तरी पुन्हा प्रतिमा होतीच. विंडोज ७ जसंच्या तसं सुरू झालं, डोंगल ओळखलं गेलं, पेजमेकर उघडलं. विंडोज ७ चा सुरक्षा आधार जानेवारी २०२० मध्येच संपलेला असल्यामुळे हा लॅपटॉप इंटरनेटपासून कायमचा तोडला. मेल आता काका फोनवर बघतात आणि फायली पेनड्राइव्हने जातात. चार्जरच्या जोडीला छोटा यूपीएस आला, आणि दर शनिवारी डी ड्राइव्हची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं.

जुनी डिस्क आता कुणाची नव्हती, म्हणून तिच्यावर हव्या त्या चाचण्या करता आल्या. स्मार्टची लांब चाचणी वाचनाच्या चुकीवर थांबली. मग विंडोजचं पूर्ण फॉरमॅट जे करतं तेच केलं: सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली. लिहिताना प्रत्येक लटकलेल्या सेक्टरचा निकाल लागला. सी५ १३६ वरून शून्यावर आला, ०५ ४० वरून ११२ झाला, म्हणजे काही सेक्टर हलवले गेले आणि काही जागेवरच चालून गेले. छोटी चाचणी पास झाली. या घडीला त्या डिस्कवर विंडोज टाकलं असतं तर ते सुरळीत सुरू झालं असतं आणि काकांनी समाधानाने पैसे दिले असते, फक्त त्यांची एकही फाइल तिच्यावर राहिली नसती. दुसऱ्या दिवशी ती डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचून काढली. सी५ मध्ये नव्याने १६ जमा झाले होते, तेही आधीच्याच दोन जागांना लागून.